भार, रास आणि रचना : इंग्रजी 'लोड' व 'स्टॅक' यांच्या लात्व्हियन पर्यायांची चिकित्सा

प्रस्तावना

भाषांतराची चर्चा करताना आपण बहुधा कविता, कादंबरी किंवा नाटक यांचीच उदाहरणे घेतो. माल गाडीत भरणे, पोती एकावर एक रचणे अशा श्रमाच्या शब्दांकडे भाषांतरमीमांसेचे लक्ष सहसा जात नाही. ते काम शब्दकोशाचे आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी इंग्रजीतील 'लोड' आणि 'स्टॅक' हे दोन शब्द व त्यांचे लात्व्हियन भाषेतील पर्याय येथे विचारार्थ घेतले आहेत.

लात्व्हियन ही भारत-युरोपीय भाषाकुलाच्या बाल्टिक शाखेतील भाषा असून लिथुआनियन ही तिची भगिनीभाषा होय. लात्व्हियाची लोकसंख्या १९ लाखांहूनही कमी आहे. तथापि १९९९ साली संमत झालेला राजभाषा कायदा आणि मे २००४ मधील युरोपीय संघाचे सदस्यत्व यांमुळे कायदे, मानके आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका या भाषेत आणण्याचे प्रचंड काम तेथील भाषांतरकारांवर येऊन पडले. शिवाय रिगा हे १२८२ पासून हान्सा या व्यापारी संघाशी जोडले गेलेले शहर. रिगा, व्हेंत्स्पिल्स आणि लिएपाया या बंदरांमध्ये मालाची चढ-उतार हा आजही उपजीविकेचा विषय आहे. त्यामुळे भरणे आणि रचणे यांची शब्दसंपदा तेथे गौण मानता येत नाही.

एक धातू, दोन क्रियापदे

इंग्रजीत 'लोड' म्हणजे वाहनात वा यंत्रात माल भरणे आणि 'स्टॅक' म्हणजे एकावर एक रचणे. एका क्रियेत वाहतुकीचा हेतू आहे, दुसरीत मांडणीचा. लात्व्हियनमध्ये मात्र या दोन्ही ठिकाणी 'क्राउत' हे एकच क्रियापद समोर येते. जहाजात माल भरणारा 'क्राउत' करतो आणि हिवाळ्यासाठी जळाऊ लाकूड रचणाराही 'क्राउत'च करतो. मालासाठीचा 'क्रवा' आणि हमालासाठीचा 'क्रावेय्स' हे शब्दही याच परिवारातले. इंग्रजीने हेतूवरून जिथे भेद केला, तिथे लात्व्हियनने हाताची क्रिया पाहिली. एक वस्तू उचलून दुसरीवर ठेवणे हे दोन्हींत समानच आहे.

मग अर्थभेद कोठे गेला? तो उपसर्गात गेला. 'इएक्राउत' म्हणजे आत भरणे, 'इझ्क्राउत' म्हणजे बाहेर काढणे, 'उझ्क्राउत' म्हणजे वर चढवणे, 'सक्राउत' म्हणजे एकत्र रचणे, 'पिएक्राउत' म्हणजे काठोकाठ भरणे, तर 'नुओक्राउत' म्हणजे पृष्ठभाग झाकून जाईल इतके ठेवणे, उदाहरणार्थ पुस्तकांनी भरून गेलेले टेबल. संस्कृत व्याकरणात 'हृ' धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार कसे होतात हे शिकलेल्या वाचकास ही व्यवस्था परकी वाटू नये. फरक इतकाच की, संस्कृतातील हे शब्द आपल्यापुरते ठरीव झाले आहेत, तर लात्व्हियनमध्ये उपसर्ग लावण्याची प्रक्रिया रोजच्या बोलण्यातही जिवंत आहे.

त्यामुळे शब्दकोशात 'लोड' समोर 'इएक्राउत' आणि 'स्टॅक' समोर 'क्राउत' एवढेच देऊन काम भागत नाही. एखाद्या पुस्तिकेत 'पॅलेट भरणे व रचणे' अशा अर्थाचे इंग्रजी शीर्षक असेल आणि ते शब्दशः उतरवले, तर 'इएक्राउशना उन क्राउशना' अशी जवळजवळ पुनरुक्तीच हाती येते. तेथे 'ग्रेदास', म्हणजे 'रांगेने लावलेल्या थरांत', अशी जोड द्यावी लागते, किंवा 'एकीवर दुसरी' असे उलगडून सांगावे लागते. हा भाषेचा तोकडेपणा आहे, असे मला वाटत नाही. क्रियापदावरचा भार नामावर टाकण्याची ती रीत आहे.

गाडी आणि गवत

इंग्रजीत 'गवत गाडीवर लोड केले' आणि 'गाडी गवताने लोड केली' अशा दोन्ही रचना संभवतात. बेथ लेव्हिन यांच्या इंग्रजी क्रियापदवर्गांवरील १९९३च्या ग्रंथात या जातीच्या क्रियापदांचा सविस्तर विचार आहे. दुसऱ्या रचनेतून गाडी पूर्ण भरल्याचा अर्थ सूचित होतो, पहिलीतून तो होत नाही. इंग्रजी हा भेद केवळ शब्दक्रमाने आणि शब्दयोगी अव्ययाने साधते, क्रियापद तसेच राहते. लात्व्हियनमध्ये गवत वर चढवले तर 'उझ्क्राउत' आणि गाडी भरून टाकली तर 'पिएक्राउत'. येथे पूर्णता सूचित न राहता उच्चारली जाते. म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य जे मोघम ठेवते, ते भाषांतरकाराला ठरवावे लागते. गाडी भरली की नाही हे मूळात नसेल, तर तो कशाच्या आधारे ठरवणार? अशा वेळी उपसर्गाविना नुसते 'क्राउत' योजणे हाच प्रामाणिक मार्ग होय. परंतु त्यामुळे क्रिया अपूर्ण, चालू असल्याचा भास होतो. ही कोंडी कोणताही शब्दकोश सोडवू शकत नाही.

कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाबतीत तर हे सारेच अप्रस्तुत ठरते. इंग्रजी पुस्तिका तेथेही 'लोड' म्हणते. चांगला लात्व्हियन भाषांतरकार मात्र 'आत ठेवा' अशा अर्थाचे साधे 'इएलिक्त' वापरतो. आपणही यंत्रात कपडे टाकतो, कोणी लादत नाही.

ढिगाचे प्रकार

नामांकडे वळले की, लात्व्हियन शेतीची श्रीमंती दिसते. 'काउद्झे' म्हणजे ढीग, आणि गवताची मोठी गंजीही. 'ग्रेदा' म्हणजे नीट रचलेली थप्पी, विशेषतः लाकडांची. शेतात गवताचा लहान ढीग घातला तर ती 'गुबा'. धान्याच्या पेंढ्या उभ्या टेकवून ठेवल्या तर 'स्तातिन्श'. पेंढ्यांची मोठी रास म्हणजे 'स्तिर्पा'. कापसाच्या ढिगासारख्या दिसणाऱ्या ढगांचे हवामानशास्त्रातील नावही 'गुबा'वरूनच घडवलेले आहे. मराठीत नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड, कडब्याची गंजी आणि पोत्यांची थप्पी असे शब्द आहेत. वस्तू बदलली की रचनेचे नाव बदलते, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे. इंग्रजी 'स्टॅक' या सर्वांवर एकच चादर पांघरतो.

संगणकशास्त्रात ही श्रीमंती अडचणीची ठरते. तेथे 'स्टॅक' आणि 'हीप' या दोन भिन्न संकल्पना आहेत. पहिलीत शेवटी ठेवलेले आधी निघते. दुसरीत तसा क्रम नसतो. 'काउद्झे' हा शब्द बोलीत दोन्हींना लागू पडेल, म्हणून तो एकालाच द्यावा लागतो. 'स्टॅक' साठी 'स्तेक्स' हा उसना शब्द रूढ झाला आहे. भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते यावर नाराज होऊ शकतील. परंतु 'ग्रेदा' योजली असती तर लाकडे डोळ्यांपुढे आली असती. येथे उसनवारी योग्य होती, असे माझे मत आहे.

भारवाचक उसने शब्द

'लोड'चे दुसरे रूप 'लादेत' या क्रियापदातून येते. बंदूक भरणे, विद्युतभार देणे यांसाठी ते वापरले जाते व ते जर्मन भाषेतून आलेले आहे. मराठी 'लादणे'शी त्याचे ध्वनिसाम्य मोह पाडणारे असले, तरी केवळ त्यावरून नाते जोडू नये. जबाबदारी लादण्यासाठी लात्व्हियन माणूस तर 'उझ्क्राउत'च म्हणतो.

संगणकात प्रोग्राम स्मृतीत आणणे म्हणजे 'इएलादेत'. त्यावरून 'डाउनलोड'साठी 'लेयुपिएलादेत' आणि 'अपलोड'साठी 'आउग्शुपिएलादेत' असे लांबलचक शब्द झाले. 'खाली' या अर्थाचा 'नुओ' हा सुटसुटीत उपसर्ग हाताशी असताना एवढा द्राविडी प्राणायाम का, असा प्रश्न पडतो. उत्तर असे असावे की, 'नुओलादेत' हा शब्द आधीपासूनच आहे आणि त्याचा अर्थ 'शाप देणे' असा आहे! फाइल उतरवून घेताना तिला शाप देणे कोणास आवडेल?

अभियांत्रिकीतील भार, विजेवरील भार आणि नोकरीतील कामाचा भार यांसाठी मात्र 'स्लुओद्झे' हा वेगळाच शब्द येतो. पूर्णवेळ नोकरी म्हणजे पूर्ण 'स्लुओद्झे'. अध्यापकाचा कार्यभार मोजणाऱ्या आपल्या परिपत्रकांचे भाषांतर त्या भाषेत अगदी सहज होईल.

इशाऱ्याची पाटी

आतापर्यंतची उदाहरणे शैलीची म्हणून सोडून देता येतील. पुढचे तसे नाही. 'पार' या उपसर्गाने 'पार्क्राउत' असे क्रियापद होते. त्याचे दोन अर्थ आहेत : एका वाहनातून दुसऱ्यात माल हलवणे, आणि मर्यादेपेक्षा अधिक भरणे. बंदरांच्या कामकाजात पहिला अर्थ रोजच्या वापरातला आहे, कारण मालाच्या हाताळणीला तेथे हाच शब्द आहे. आता उचलयंत्रावर 'ओव्हरलोड करू नये' अशा अर्थाची इंग्रजी पाटी असेल आणि तिचे 'नेपार्क्राउत' असे भाषांतर झाले, तर वाचणाऱ्या कामगाराने 'येथून माल दुसरीकडे हलवू नये' असा अर्थ घेतल्यास त्याला दोष देता येणार नाही.

युरोपीय संघाच्या २००६च्या यंत्रसामग्रीविषयक निर्देशाने, यंत्र ज्या देशात वापरात येईल त्या देशाच्या राजभाषेत सूचना असल्या पाहिजेत, अशी अट घातली. अट भाषेची आहे, स्पष्टतेची हमी तीत आपोआप येत नाही. वास्तविक लात्व्हियनने सोय करून ठेवली आहे. 'स्लुओग्स' म्हणजे ओझे. त्यावरून झालेल्या 'पार्स्लुओगुओत' या क्रियापदात भार अधिक होण्याचाच अर्थ आहे, माल हलवण्याचा नाही. म्हणून उचलयंत्रावर 'नेपार्स्लुओगुओत' लिहावे आणि 'पार्क्राउत' धक्क्यावरच्या मालाच्या हस्तांतरणासाठी राखून ठेवावे.