तक्त्यावरच्या सापाला गाव नाही

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्याच्या दुकानात 'भारतातील साप' असा तक्ता सहज मिळतो. बऱ्याच शाळांच्या प्रयोगशाळेत तो कपाटाशेजारी टांगलेला असतो. दहा-बारा चित्रं, खाली नावं, नावापुढे 'विषारी' किंवा 'बिनविषारी'. पुस्तकांची परीक्षणं आपण वाचतो, पण मुलं ज्याच्याकडे वर्षानुवर्षं पाहतात त्या तक्त्याचं परीक्षण सहसा कुणी करत नाही. ते इथे करून पाहू.

आधी जमेची बाजू. सगळे साप विषारी नसतात, ही गोष्ट अनेक मुलांना पहिल्यांदा कळते ती अशा तक्त्यावरून. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार नावं त्यांच्या डोक्यात पक्की बसतात. धामण शेतकऱ्याची मित्र आहे, हेही बसतं. हे काम लहान नाही.

आता उणी बाजू. पहिला दोष मापाचा. तक्त्यावर अजगर आणि फुरसं एकाच लांबीचे दिसतात. कोकणातलं फुरसं प्रत्यक्षात जेमतेम फूट-दीड फुटाचं असतं. चित्र पाठ केलेल्या मुलाला दगडाखालचं ते एवढंसं जनावर फुरसं वाटतच नाही.

दुसरा दोष रंगावर भिस्त ठेवण्याचा. मण्यार आणि कवड्या दोघेही काळपट-तपकिरी, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. तक्त्यावरून त्यांतला फरक कळत नाही. मण्यारीचे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे उलट, डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे विरळ. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षट्कोनी असतात, कवड्याचे तसे नसतात. या दोन ओळी छापायला फार जागा लागली नसती. घोणस आणि डुरक्या घोणस यांच्याबाबतीतही तेच.

तिसरा दोष मात्र मूलभूत आहे. तक्त्यावरच्या एकाही सापाला गाव नाही. कुठला नाग? कुठलं फुरसं? याचं उत्तर तिथे नाही, आणि तो प्रश्न पडावा अशी सोयही नाही.

हा प्रश्न कशासाठी, ते पाहण्यासाठी थोडं दूर जाऊ. अमेरिकेत गोफर साप नावाचा एक बिनविषारी साप आहे. आपल्या धामणीसारखाच तो उंदीर-घुशींवर जगतो. डिवचला की डोकं चपटं करून शेपटी थरथरवतो आणि खुळखुळ्या सापाचा आव आणतो. तिकडे लोक तो हौसेनं पाळतात, आणि मग विचारतात, "माझा साप कुठल्या उपजातीचा?" जाणकार उलट विचारतो, "तो आणला कुठून?" प्रश्न टाळण्याची ही युक्ती नव्हे. एकाच जातीचे, पण वेगवेगळ्या प्रदेशांत राहून थोडेथोडे वेगळे झालेले गट म्हणजे उपजाती. प्रदेश हा उपजातीच्या व्याख्येतच आहे. दोन उपजातींचे प्रदेश जिथे भिडतात, तिथे मधल्याच रूपाचे साप सापडतात. नुसते ठिपके मोजून त्यांचा निवाडा होत नाही. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ झालेल्या सापाला तर उपजातीचं नाव देण्यात फारसा अर्थच राहत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पाळता येत नाहीत. तरीही हा प्रश्न आपल्या दारात येतो. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी मांडुळाची चोरटी विक्री होते आणि महाराष्ट्रात पोलीस वेळोवेळी अशी मांडुळं जप्त करतात. जप्त केलेलं मांडूळ मूळचं कुठलं हे कुणी सांगत नाही. मग ते सोडायचं कुठे?

हरणटोळाची गोष्ट आणखी बोलकी आहे. महाराष्ट्रातल्या हिरव्या हरणटोळाला पुस्तकांत वर्षानुवर्षं 'अहेटुला नासुटा' हे एकच शास्त्रीय नाव होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी शरीराची मापं, खवले आणि जनुकीय पुरावा एकत्र तपासला. तेव्हा कळलं, की हा एक साप नसून अनेक जाती आहेत. जुनं नाव श्रीलंकेतल्या सापापुरतं उरलं. उत्तर सह्याद्रीतल्या हरणटोळाला 'अहेटुला बोरिॲलिस' हे नवं नाव मिळालं. हे शक्य झालं, कारण तपासलेला प्रत्येक नमुना कुठून आला हे ठाऊक होतं. प्राणिसंग्रहातल्या बरणीवर तारीख आणि ठिकाणाची चिठ्ठी नसेल, तर आतल्या सापाची निम्मी किंमत गेली असं समजावं.

नागाचं तसंच. माल्कम स्मिथ यांनी १९४३ साली भारतीय सापांवरच्या आपल्या ग्रंथात नागाची एकच जाती मानून बाकीच्यांना उपजाती म्हटलं. फणीवर 'दहाचा आकडा' असलेला आपला नाग आणि एकच गोल खूण असलेला ईशान्येकडचा नाग या आज दोन स्वतंत्र जाती मानल्या जातात. नावं बदलतात, ठिकाणाची नोंद मात्र प्रत्येक वेळी कामाला येते.

यात माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. आपलं सर्पविषावरचं औषध चार प्रमुख विषारी सापांसाठी बनतं, आणि त्यासाठी लागणारं विष बव्हंशी तामिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. राजस्थानच्या वाळवंटातलं फुरसं वेगळ्या उपजातीचं मानलं जातं, आणि त्याच्या दंशावर हे औषध हवं तितकं लागू पडत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. म्हणजे 'फुरसं' एवढं नाव पुरेसं नाही. (दंश झाल्यावर मात्र साप ओळखत बसू नये, रुग्णालय गाठावं. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.)

मग तक्ता काढून टाकायचा का? मुळीच नाही. रोम्युलस व्हिटेकर आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांचं भारतीय सापांवरचं २००४ सालचं पुस्तक शाळेत असेल, तर ते तक्त्याशेजारी ठेवा. त्यात छायाचित्राबरोबर खवल्यांची संख्या आणि आढळप्रदेश दिलेला आहे. नसेल, तर तक्त्याखाली एक वही टांगा. रकाने पाच: तारीख, ठिकाण, जागा कशी होती (ओढा, गच्ची, शेत), अंदाजे लांबी, आणि कशावरून ओळखला. शेवटच्या रकान्यात 'ओळखता आला नाही' असं लिहायला पूर्ण मुभा द्या. साप पकडायचा नाही, जवळ जायचं नाही. दुरून दिसलं तेवढंच लिहायचं. मेलेल्या सापालाही हात लावायचा नाही.

चार-पाच वर्षांत त्या वहीत शाळेच्या पंचक्रोशीतले साप उतरतील. तक्ता छापणाऱ्यानं सापांची नावं दिली आहेत. त्यांची गावं मुलांनी लिहायची आहेत.