मुंबईच्या प्लेगचा वक्र : एक परीक्षण

परभणी जिल्ह्यातील एखादा पदव्युत्तर विद्यार्थी गणितीय जीवशास्त्राकडे वळला, की कर्मॅक व मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ मधील निबंध त्याला फार काळ टाळता येत नाही. रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या या निबंधातील सुविख्यात आकृती मुंबईची आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या अवधीत प्लेगने झालेल्या साप्ताहिक मृत्यूंचे बिंदू तीत मांडले असून त्यांमधून एक डौलदार वक्र जातो.

वक्राचे सूत्र अपास्तीय सेकंटच्या वर्गाचे असून त्यात ८९०, ०.२ आणि ३.४ एवढे तीनच अंक येतात. त्यांवरून साथीचे शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास येते. वक्राखालील एकूण मृत्यू सुमारे ८,९०० भरतात. जुळणी खरोखरच मोहक आहे. परंतु मूळ प्रतिमानात अज्ञाते चार आहेत : संसर्गाचा दर, बाधितांच्या निवृत्तीचा दर, आरंभीचे ग्रहणक्षम आणि आरंभीचे बाधित. तीन अंकांवरून चार अज्ञाते एकमेव रीतीने निघत नाहीत, हे सांगण्यास उच्च गणिताची गरज नाही.

याहून गंभीर आक्षेप कारणासंबंधीचा आहे. प्रतिमानात साथ ओसरते ती ग्रहणक्षमांची संख्या उंबरठ्याखाली गेल्यामुळे. मुंबईचा प्लेग मात्र १८९६ पासून वर्षानुवर्षे थंडीत वाढे आणि उन्हाळ्यात उतरे. तो उंदरांचा रोग होता आणि पिसवांमार्फत माणसांत येई. निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये ऋतुमान हिशेबात घेऊन या आकड्यांची फेरतपासणी केली, ती याच कारणास्तव. मूळ लेखकद्वयाला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया आहे असे गृहीत धरल्याचे, आणि आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नसल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. ती कबुली गाळून केवळ आकृती उचलण्याची रूढी पुढच्यांची. (आकृतीला तळटीप लागत नाही, ही पाठ्यपुस्तकांची जुनी सोय.)

परभणीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कापसावर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. कामगंध सापळ्यांतील पतंगांच्या साप्ताहिक नोंदी घेऊन त्यांवर असाच घंटाकृती वक्र बसविणे अवघड नाही. मात्र तो वक्र कीड आपोआप क्षीण झाल्याने उतरला, की बोंडे सरल्याने, की अळी सुप्तावस्थेत गेल्याने, हे एका हंगामाच्या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी लागोपाठच्या हंगामांच्या नोंदी, तापमान आणि शेतातील पऱ्हाटी केव्हा काढली याची माहिती समीकरणांइतकीच आवश्यक ठरते. आणि प्रबंधाच्या परीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा तो चौथ्या अज्ञाताविषयी.