वाढते वय आणि विनोदातील ‘मी’

मराठी विनोदाची चर्चा विसंगती या एका संकल्पनेपाशी येऊन थांबते, ही सवय जुनीच आहे. बोलणे आणि वागणे, आव आणि ऐपत यांतील अंतर दाखविले की विनोदाची उपपत्ती लागली असे मानले जाते. वाढत्या वयाच्या विनोदाला मात्र ही उपपत्ती पुरत नाही. तेथील विसंगती प्रसंगात नसते, काळात असते. माणूस होता तेथेच असतो. त्याचे शरीर, त्याची मुले, त्याच्या भोवतीचे जग पुढे गेलेले असते. हे अंतर कोणाच्या मूर्खपणाने पडलेले नसते आणि कोणाच्या शहाणपणाने ते भरूनही येत नाही. त्यामुळे येथे कशावर हसायचे यापेक्षा हसणारा कोण, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

लुइजी पिरांदेल्लो यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या विनोदविषयक प्रबंधातील सर्वपरिचित उदाहरण वार्धक्याचेच आहे. केस रंगविलेली, चेहऱ्यावर रंगरंगोटी केलेली, तरुणीचा पोशाख ल्यायलेली एक वृद्धा. तिला पाहताच हसू येते, कारण वृद्धेने जसे असावे त्याच्या ती नेमकी उलट आहे. परंतु वयाने लहान असलेल्या पतीचे प्रेम टिकावे म्हणून ती ही धडपड करीत असेल, असा विचार मनात येताच ते हसू पहिले राहत नाही. उलटेपणा नुसता दिसतो तेव्हा प्रहसन होते आणि तो जाणवतो तेव्हा विनोद, असा पिरांदेल्लो यांचा भेद आहे. तो उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ती वृद्धा स्वतः काहीच बोलत नाही. हसणारा, विचार करणारा आणि कणव वाटणारा, तिघेही एकच : पाहणारा. तिनेच आरशासमोर उभे राहून स्वतःविषयी काही म्हटले असते तर?

पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’ला (१९६४) या प्रश्नाचे अर्धे उत्तर म्हणता येईल. येथे पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच आहे. साहेबी कंपनीत कारकुनी करणारा हा निवेदक धोतरातून पाटलोणीत जातो, चाळीतून ब्लॉकमध्ये जातो, मुलांच्या शिक्षणाविषयीची नवी शास्त्रे ऐकून घेतो, गुरुदेवांच्या दर्शनालाही जाऊन येतो. या प्रसंगांची मौज पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. त्यांच्यामागील सूत्राकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. यांतील एकही बदल त्याने स्वतः ठरविलेला नसतो. पत्नी, शेजारी, मित्र, मुले यांपैकी कोणीतरी ठरविते. तो कुरकुरतो आणि अखेर होकार देतो. त्याच्या लेखी प्रौढ होणे म्हणजे संमती देत जाणे. बालपणी घरातील वडीलधारी माणसे त्याच्या वतीने निर्णय घेत असत, संसारात बाकीचे सगळे घेतात. फरक इतकाच की आता खर्च त्याच्या पगारातून होतो. मध्यमवर्गीय पुरुषाच्या कर्तेपणाची इतकी निर्दय चिकित्सा मराठी कथात्म गद्यात गंभीर मुद्रेनेही क्वचितच झाली असेल.

या आत्मोपहासाला असलेल्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली अशी की हा ‘मी’ हसतो तो सुरक्षिततेच्या आधारावर. पगार महिन्याच्या महिन्याला येणार असतो, घर भरलेले असते, हसायला माणसे असतात. हा निवेदक म्हातारा होण्यापूर्वीच त्याचे निवेदन संपते, हे निव्वळ रचनेच्या सोयीसाठी घडलेले नाही. पुढचे वय या आवाजाला पेलले असते की नाही, हा प्रश्नच आहे. दुसरी मर्यादा पत्नीविषयीची. बदल घडवून आणणारी तीच. पण तिच्या वाढत्या वयाकडे तिच्या बाजूने पाहण्याची संधी निवेदन तिला देत नाही. ती विनोदाचे कारण होते, विनोदाची धनी होत नाही. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची काऊही याच जागी उभी आहे, तेव्हा हा दोष एकट्या पुलंच्या माथी मारण्याचे कारण नाही.

आधार नसलेल्या वयाचा विनोद पुलंनी लिहिला, पण तो स्वतःच्या तोंडून नव्हे. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील (१९६२) अंतू बर्वा हा रत्नागिरीचा म्हातारा पिरांदेल्लोंच्या वृद्धेसारखा मुका नाही. किंबहुना त्याच्याजवळ बोलण्यावाचून दुसरे काहीच नाही. पत्नी गेलेली, मुलगा मुंबईस. गावात वीज येते, पण ती घरात घेण्याचे तो नाकारतो. उजेडात पाहायचे काय, तर आपलेच दारिद्र्य, असा त्याचा हिशेब. फ्रॉइड यांनी १९२७च्या निबंधात सोमवारी सकाळी फासावर जाताना आठवड्याची सुरुवात झकास झाली असे म्हणणाऱ्या कैद्याचे उदाहरण देऊन विनोदाचे स्पष्टीकरण केले होते : भेदरलेल्या मनाला मनातीलच एक वडीलधारा अंश समजावतो, की हे जग म्हणजे पोरखेळ आहे. अंतूला हे पूर्णतः लागू पडत नाही. त्याच्या बोलण्यात समजावणी नाही, तिडीक आहे. तो स्वतःचे सांत्वन करीत नाही. इतरांनी करू नये एवढीच तजवीज करतो. समोरच्याच्या मनात कणव उत्पन्न होण्याआधी तो तिखट वाक्य टाकतो आणि कणवेची वाट बंद होते.

ही वाट दोनदाच उघडते. पत्नी गेल्यापासून दारचा आंबा मोहरला नाही, हे तो सांगतो तेव्हा त्या वाक्याला विनोदाची धार नसते. आणि विलायतेला निघालेल्या निवेदकासाठी तो अंगाऱ्याची पुडी घेऊन येतो तेव्हा आतापर्यंत ज्याचे नमुनेदार बोलणे टिपून घेतले जात होते, तोच निवेदकाच्या काळजीत पडलेला दिसतो. ‘वल्ली’ या साच्यात माणसाचा नमुना होण्याचा धोका असतो. येथे तो थोडक्यात टळला आहे. ध्वनिफितींनी मात्र तो पुन्हा ओढवून आणला. विजेच्या वाक्यावर श्रोत्यांचा हशा उसळतो आणि त्या हशात वाक्याचा अर्थ वाहून जातो. अंतूने ज्यांना कणव वाटू दिली नाही, त्यांना आता ती वाटण्याची गरजच उरलेली नाही.

‘बटाट्याची चाळ’च्या (१९५८) अखेरच्या चिंतनात वार्धक्य वास्तूवर ढकलले आहे आणि विनोदाची जागा गहिवराने घेतली आहे. ते चिंतन लोकप्रिय आहे. विनोदाच्या दृष्टीने ती माघार आहे.

आरशासमोरच्या वृद्धेने बोलायचे ठरविले तर काय होते, याचे मराठीतील उत्तर या सर्वांच्या आधीचे आहे, आणि विनोदाच्या इतिहासात त्याची नोंद सहसा घेतली जात नाही. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. हे लेखन ‘आत्मचरित्र’ या खात्यावर जमा झाल्याने त्यातील हसणे हे स्वभावाचे वैशिष्ट्य ठरले, लेखनदृष्टीचे नव्हे. वस्तुतः त्या पुस्तकाची सारी रचनाच वयाच्या अंतरावर उभी आहे. टिळकांच्या धर्मांतरानंतर त्यांच्याजवळ राहायला जाऊनही सोवळे सांभाळू पाहणारी तरुण लक्ष्मी, आणि तिच्याकडे पाहणारी म्हातारी लक्ष्मीबाई. म्हातारी त्या तरुणीची कीव करीत नाही, तिला शहाणपण शिकवीत नाही, तिच्या वतीने क्षमाही मागत नाही. तिचे भय जसे होते तसे मांडते आणि हसते. गेलेले दिवस चांगले होते असा सूर तेथे नाही. ते चांगले नव्हतेच. उपासमार, विरह, अपमान यांची नोंद त्याच सरळ, अनलंकृत वाक्यांत होते ज्यांत पतीच्या तऱ्हेवाईकपणाची होते.

टिळकांच्या आकस्मिक निघून जाण्यावर, हातात येईल ते देऊन टाकण्यावर लक्ष्मीबाई हसतात तेव्हा त्यांच्या मृत्यूला पंधरा वर्षे होऊन गेलेली आहेत. संसारातील ते भांडण त्या पुन्हा मांडतात, दोन्ही बाजूंची वाक्ये स्वतःच म्हणतात, आणि कित्येकदा जिंकू देतात ते टिळकांना.