खेळातले संगीत आणि घडलेला कान

संगीताची अभिरुची संगीतसभेत घडते हा समज प्रतिष्ठित आहे, पण तो खरा नाही. भास्करबुवा बखल्यांनी बांधलेल्या चाली १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकातून ज्या प्रेक्षकांच्या कानी पडल्या, त्यांपैकी बहुतेकांना रागांची नावे ठाऊक नव्हती आणि ती जाणून घेण्याची निकडही भासली नव्हती. रुक्मिणीच्या मनःस्थितीशी निगडित असलेले पद म्हणून त्यांनी जे ऐकले, त्यातूनच यमन आणि भीमपलास यांची चलने त्यांच्या कानांत कायमची वस्तीला आली, आणि पुढे ख्यालाच्या बैठकीला जाऊन बसण्याचे धैर्य त्यांच्यातील अनेकांना आले ते याच शिदोरीवर. मनोरंजनाच्या आडून आलेले संगीत असे बेमालूम शिक्षण देत असते. गेल्या चार दशकांत या जातीचे अत्यंत व्यापक शिक्षण व्हिडिओ गेमच्या संगीताने जगभरच्या मुलांना दिले. मात्र आपल्याकडे त्याची चर्चा निघालीच तर ती एकतर बालपणीच्या गहिवराच्या स्वाधीन होते, नाहीतर ‘टुणटुण’ या एका शब्दात निकालात निघते.

या कलेचा आरंभ दरिद्री आहे. टायटो या जपानी कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी १९७८ साली ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा खेळ रचला, तेव्हा त्यात संगीत म्हणावे असे चारच स्वर होते: खर्जातले, एकापाठोपाठ उतरणारे, अखंड फिरणारे. परंतु शत्रूची फळी विरळ होत गेली की तिची चाल जलद होई आणि तिच्यासवे त्या चार स्वरांची लयही चढत जाई, त्यामुळे यंत्रात नाणे टाकून उभ्या असलेल्या पोराला लय वाढणे म्हणजे काय याचा बोध कोणत्याही गुरूवाचून, तळहाताला सुटलेल्या घामातूनच होत असे. बैठकीतला गवई श्रोत्यांचा रंग पाहून लय चढवतो हे खरे. पण यंत्रातून वाजणारे संगीत, जे ग्रामोफोनपासून सिनेमापर्यंत एकदा मुद्रित झाले की वज्रलेप होऊन बसत असे, ते ऐकणाऱ्याच्या कृतीप्रमाणे बदलावे, हा प्रकार नवा होता, आणि या कलेचे पुढचे सारे कर्तृत्व व साऱ्या मर्यादा त्यातूनच निघाल्या आहेत.

१९८३ साली निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र जपानात आले आणि दोन वर्षांनी ते वेगळ्या नावारूपाने अमेरिकेत पोचले. त्यातील ध्वनीचे सारे खाते पाच वाहिन्यांवर चालत असे: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक निव्वळ खरखरीची आणि एक मुद्रित ध्वनीच्या तुटपुंज्या तुकड्यांची. त्रिकोणी लहरीला आवाज लहान-मोठा करण्याची मुभाच नव्हती. ती एकतर वाजे, नाहीतर गप्प राही, म्हणून बहुतेक रचनाकारांनी तिला खर्जाच्या कामावर नेमले. चौकोनी लहरीच्या एका वाहिनीवर एका वेळी एकच स्वर वाजणार, तेव्हा भरगच्च कॉर्ड उभी करायची तर तिच्यातील स्वर इतक्या वेगाने आळीपाळीने फिरवावे लागत की कानाला ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा. अशा बंदोबस्तात नादमाधुर्याच्या जोरावर श्रोत्याला जिंकण्याची सोय उरत नाही. उरते ती केवळ चाल, तिची बांधणी आणि तिच्याखाली चालणारा खर्ज. म्हणजे जे अंग एरवी नादाच्या वस्त्रालंकारांखाली झाकलेले असते, तेच येथे उघडे पडले आणि त्या पिढीच्या कानाला प्रथम परिचित झाले.

कोजी कोंडो यांनी १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी केलेले काम या दृष्टीने जवळून पाहण्याजोगे आहे. जमिनीवरच्या प्रवासाला त्यांनी ठोक्याला हुलकावणी देत मधूनच उचल घेणारी चाल दिली, पाण्याखालच्या प्रवासाला तीन मात्रांचा संथ वॉल्ट्झ दिला, आणि मुदत संपत आली की वाजत असलेल्या चालीचीच लय एकदम वाढवून दिली. पण सर्वांत बोधप्रद गोष्ट योजनेतून नव्हे, टंचाईतून निपजली आहे. मारिओने उडी मारली की त्या उडीचा आवाज दोन चौकोनी वाहिन्यांपैकी एक तात्पुरती ताब्यात घेतो आणि तेवढ्या क्षणापुरता संगीतातील एक आवाज लुप्त होतो. उडी संपली की तो आपल्या जागी परत येतो. उड्या तर सतत चालू असतात. परिणामी खेळणारे मूल एकच चाल कधी सर्वांगाने तर कधी एक धागा काढून घेतलेली अशी असंख्य वेळा ऐकते, आणि स्वरमेळ नावाच्या वस्तूचे अस्तित्व त्याला तिच्या अभावातून जाणवू लागते. एकसुरी रागसंगीतावर वाढलेल्या आपल्या कानाला स्वरमेळाची जी सवय सिनेमाच्या वाद्यवृंदाने पुरती लावली नाही, ती या उड्यांनी काही अंशी लावली, असे मला वाटते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली मारिओची ही मुख्य चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या दप्तरात दाखल करून घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला.

आपल्याकडे हे संगीत बहुधा अधिकृत यंत्रातून नव्हे, त्याच्या स्वस्त नकलांतून आले. नव्वदीच्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरात ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यंत्र येई, त्यात घालायच्या प्लॅस्टिकच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, आणि ती चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारून पुन्हा बसवीत. कॅसेटवर खेळांची छाती दडपून टाकणारी संख्या छापलेली असे. रचनाकाराचे नाव कोठेही नसे. जपानातील काही कंपन्यांचा तर दस्तूरच असा होता की रचनाकाराने टोपणनावाआड राहावे. या अनामिकतेचा एक परिणाम असा झाला की ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ यांच्या चाली मुखोद्गत असलेल्या मुलाने संगीत ओळखले ते व्यक्तीच्या नावावरून नव्हे, थाटावरून. कोनामीच्या खेळांतला दणकट, चढा ढंग वेगळा, सेगाच्या यंत्रातील यामाहा चिपचा धातूसारखा खणखणीत नाद वेगळा. घराण्यांची नावे ठाऊक नसता घराणी ओळखण्याची विद्या त्याला अशी अनायासे साधली.

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी या कलेचा जो व्यवहार झाला, त्यात दोन वृत्ती स्पष्ट दिसतात. कोइचि सुगियामा हे गीतरचनेत आणि जाहिरातींच्या संगीतात आधीच मातब्बर ठरलेले गृहस्थ. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी त्यांनी राजवाड्याला बरोक वळणाचे संगीत दिले, आणि पुढच्याच वर्षी तोक्योच्या सन्तोरी हॉलमध्ये ते वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन, खेळाच्या ओढीने आलेल्या मुलांना अभिजात संगीताच्या दिवाणखान्यात नेऊन बसवले. ही शिक्षकाची वृत्ती. नोबुओ उएमात्सु यांची वृत्ती स्वयंशिक्षिताची आहे: जे आवडेल ते घ्यावे आणि सनद कोणाकडे मागू नये. १९९४ च्या ‘फायनल फँटसी ६’मध्ये त्यांनी एक संपूर्ण ऑपेराप्रवेश घातला. त्या यंत्राला मनुष्याचा गळा काढता येत नव्हता, म्हणून गळ्याचा आभास देणारा कृत्रिम नाद वाजे आणि शब्द पडद्यावर उमटत; आणि गंमत अशी की नायिकेच्या तोंडची पुढची ओळ अचूक निवडण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर असे, तेव्हा ज्याने ऑपेरागृहाची पायरी जन्मात चढली नाही त्याला संहिता पाठ करून रंगमंचावर उभे राहावे लागे. तीन वर्षांनंतरच्या ‘फायनल फँटसी ७’च्या अखेरच्या युद्धात त्यांनी स्ट्राव्हिन्स्कीची आठवण देणारे तालाघात, रॉकचा आवेश आणि ‘कार्मिना बुराना’तील लॅटिन शब्द गाणारा समूह हे सारे एकत्र कोंबले. ही सरमिसळ रुचिभ्रष्ट आहे असे म्हणणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. पण तिच्या वाटेने अनेक मुले स्ट्राव्हिन्स्की आणि कार्ल ऑर्फ यांच्यापर्यंत पोचली, हेही नाकारता येत नाही. ब्रिटनमधील क्लासिक एफएम या नभोवाणी केंद्राने २०१३ साली घेतलेल्या श्रोत्यांच्या कौलात ‘फायनल फँटसी’चे संगीत तिसऱ्या आणि जेरेमी सोल यांचे ‘स्कायरिम’चे संगीत पाचव्या क्रमांकावर आले, तेव्हा सनातनी मंडळींत बरीच खळबळ उडाली. ती अस्थानी होती. कौल गुणवत्तेचा निवाडा नसतो. कोणत्या संगीताने कोणाचे कान घडवले याचा तो दाखला असतो.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. खेळातल्या चालीला शेवट नसतो. खेळणारा एका जागी किती वेळ रेंगाळेल याचा अंदाज रचनाकाराला बांधता येत नाही, म्हणून तो मिनीट-दीड मिनिटाची रचना करून तिचे शेपूट तिच्याच तोंडात देतो. आपले तालाचे आवर्तनही वर्तुळाकार असते, परंतु त्यात गायक प्रत्येक फेऱ्यात काहीतरी नवे घडवतो, आणि तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा काही पुरे झाल्याची तृप्ती देतो. येथे फेरा तोच राहतो आणि तोडला जातो तो संगीताच्या न्यायाने नव्हे, पात्र मेल्यामुळे किंवा दार उघडल्यामुळे. या शाळेतून आलेल्या श्रोत्याला वातावरण, नादवर्ण आणि चालीचा मोड यांची जाण विलक्षण तल्लख असते, पण वीस-पंचवीस मिनिटे एक विचार वाढत जाऊन आपल्याच सामर्थ्याने संपतो, ही गोष्ट त्याच्या कानाला परकी असते. या संगीताच्या वाद्यवृंद-मैफलींत हे दौर्बल्य उघडे पडते: न संपणाऱ्या चालीला संपवायचे कसे हा प्रश्न संयोजकापुढे येतो, आणि तो बहुधा झांजा व नगाऱ्यांचा एक तयार गलका करून मोकळा होतो.

दुसरी हानी मुळाशी फारकत होण्याची. १९८९ च्या ‘गेम बॉय’वरील ‘टेट्रिस’साठी हिरोकाझु तानाका यांनी ‘कोरोबेइनिकी’ ही रशियन लोकधून योजली. निक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतून निघालेले ते फेरीवाल्याचे गीत आज जगातील बहुसंख्य लोकांना पडणाऱ्या ठोकळ्यांचे संगीत म्हणूनच परिचित आहे. धून अमर झाली. फेरीवाला बेपत्ता झाला.

सद्यःस्थितीकडे पाहता मला असे दिसते की यंत्रणा वाढली आणि चाल आटली. प्रसंगानुसार एका रचनेतून दुसरीत बेमालूम सरकणारी ‘आयम्यूज’ ही व्यवस्था लुकासआर्ट्सच्या मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी उभी केली, तिचे सामर्थ्य १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये दिसले. १९९८ च्या ‘ऑकरीना ऑफ टाइम’मध्ये कोंडो यांनी पाच बटणांवर पाच स्वर ठेवून खेळणाऱ्याच्या हाती वाद्यच दिले, आणि मोकळ्या माळरानाचे संगीत लहान लहान तुकड्यांत रचून त्यांचा क्रम प्रसंगावर सोपवला. एवढी तयारी झाल्यावर, संपूर्ण वाद्यवृंद दिमतीला असताना, आजच्या महागड्या खेळांतील संगीत मात्र हॉलिवुडच्या चित्रपटसंगीताची नक्कल करण्यात धन्यता मानते: खाली तंतुवाद्यांचा गंभीर गुंजारव, वर समूहाचा आकार, आणि खेळ थांबवल्यावर गुणगुणायला काहीही नाही. २०२३ पासून ग्रॅमी पुरस्कारांत या संगीताला स्वतंत्र वर्ग मिळाला, स्टेफनी इकोनोमू त्याच्या पहिल्या मानकरी ठरल्या. प्रतिष्ठा आली, पण प्रतिष्ठेबरोबर येणारे साचेबंदपणही आले. अपवाद आहेत ते बहुधा लहान मांडणीचे. डॅनियल रोझेनफेल्ड यांच्या ‘माइनक्राफ्ट’मधील पियानो मिनिटेच्या मिनिटे गप्प बसतो आणि नंतर न बोलावता येतो, टोबी फॉक्स यांनी २०१५ च्या ‘अंडरटेल’मध्ये जुन्या यंत्रांचे दारिद्र्य स्वेच्छेने पत्करले आणि मोजक्या स्वरावली भिन्न पात्रांच्या तोंडी फिरवून एक मोठी वीण विणली. खेळाचे संगीत ऐकून घडलेल्या कानाने केलेले हे संगीत आहे.

आपल्या बाजूला पाहावे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा पुराणकथांवर आधारलेला खेळ काढला, त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केले. परक्याने केले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या वाद्यांचा नादवर्ण त्याने आदराने वापरला आहे. परंतु रागसंगीत येथे रंग म्हणून आले, रीत म्हणून नाही. वस्तुतः खेळाच्या संगीताला जे हवे असते, म्हणजे ठरलेली चाल नव्हे तर स्वरांच्या जाण्यायेण्याचे नियम, ज्यांतून प्रसंगाप्रमाणे लांबणारी, आखडणारी, लय बदलणारी आणि तरीही आपली ओळख न सोडणारी रचना क्षणोक्षणी निर्माण व्हावी, ते राग नावाच्या व्यवस्थेत शतकानुशतके सिद्ध आहे. खेळणारा रेंगाळला तर आलाप लांबेल, धावला तर द्रुत येईल, आणि दार उघडले तर संगीत तुटण्याऐवजी समेवर येईल. संगणक जाणणाऱ्या आणि तालीम घेतलेल्या तरुणांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्यातील दोघा-चौघांनी एकत्र बसून निदान एका खेळापुरती एका रागाची अशी बढत रचून दाखवावी.