राखाडी कांती, पिवळी सूर्यफुले

एमी शेराल्ड या अमेरिकी चित्रकर्तीची व्यक्तिचित्रे पाहताना नजर आधी अडखळते ती त्वचेपाशी. तिने रंगवलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया ना काळ्या, ना तपकिरी. त्यांची कांती राखाडी आहे, जुन्या कृष्णधवल फोटोतल्यासारखी. कपडे, आभाळ, फुले मात्र आपापल्या लख्ख रंगात.

काळ्या स्त्रीचा गौरव करायचा आणि तिचा रंगच पुसायचा, हा कुठला न्याय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९००च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेले कृष्णवर्णीय माणसांचे फोटो शेराल्डने मनाशी धरले आहेत, हे ध्यानात घेतले तर उलगडा होतो. त्या फोटोंत रंगाची प्रतवारी लावता येत नाही. उरतो तो बसण्या-उभे राहण्यातला रुबाब आणि रोखलेली नजर. २००९च्या तिच्या एका चित्राच्या नावातच ‘रेडबोन’ हा शब्द आहे. उजळ वर्णाच्या काळ्या माणसाला तिकडे तसे म्हणतात. चित्रातली मुलगी म्हणते, त्यापेक्षा मला स्ट्रॉबेरी केक म्हणा! म्हणजे ही मोजपट्टी काळ्यांच्या घरातही आहेच. आपल्याकडे तरी काय? मराठी घरात ‘मुलगी उजळ आहे ना?’ आणि उर्दू घरात ‘रंग साफ है?’ शेराल्ड ती मोजपट्टीच पाहणाऱ्याच्या हातून काढून घेते.

२०२०चे ‘अ मिडसमर आफ्टरनून ड्रीम’ आम्हाला सर्वांत भावले. निळ्या झग्यातली स्त्री सायकलपाशी उभी आहे, बास्केटमध्ये छोटे कुत्रे, मागे पांढरे लाकडी कुंपण आणि सूर्यफुले. एवढेच. पण अमेरिकेत काळ्या बाईचे मातीशी नाते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्याचे होते. इथे तिला काम नाही, घाई नाही. ही दुपार तिच्या मालकीची आहे. निसर्ग इथे शोभेसाठी आलेला नाही, हक्क म्हणून आला आहे.

मिशेल ओबामांच्या गाजलेल्या चित्राबद्दल (२०१८) आम्ही तितकेसे उत्साही नाही. त्यात झगा बोलतो, चेहरा मागे पडतो.

ब्रिओना टेलरच्या चित्रात तसे होत नाही. लुईव्हिल शहरातली ही २६ वर्षांची तरुणी १३ मार्च २०२० रोजी स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळ्यांनी मारली गेली. शेराल्डने तिला निळसर-हिरव्या झग्यात, त्याच रंगाच्या पार्श्वभूमीवर उभे केले. इथे कुंपण नाही, फूल नाही. बोटात मात्र अंगठी आहे, कारण तिचा मित्र तिला मागणी घालणार होता. २०२१ साली लुईव्हिलच्या स्पीड कलासंग्रहालयाने आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृती संग्रहालयाने हे चित्र मिळून घेतले. तिच्या गावच्या लोकांनी ते त्याच वर्षी तिथल्या प्रदर्शनात पाहिले.