'वर्चस्व' कोणाचे?

विज्ञान वर्ण-वंश मानत नाही, असे आपले विज्ञाननिष्ठ मित्र नेहमी सांगतात. समीकरण मानत नसेल. पण त्याला नाव देणारा माणूस समाजातूनच प्रयोगशाळेत येतो. मी क्वांटम संगणनात संशोधनाचे काम करतो, म्हणून या क्षेत्रातल्या एकाच शब्दाविषयी लिहितो.

'क्वांटम सुप्रीमसी' हा शब्दप्रयोग अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांनी 2012 साली आणला. नेहमीच्या संगणकाला व्यवहारात न जमणारे एखादे गणित क्वांटम यंत्राने करून दाखवणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत त्याला 'वर्चस्व' म्हणावे लागते. (हा शब्द आपल्याला कोशातून शिकावा लागलेला नाही.)

ऑक्टोबर 2019 मध्ये गूगलच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये हे वर्चस्व जाहीर केले. 'सिकॅमोर' यंत्राने 200 सेकंदांत जे केले त्याला महासंगणकाला 10,000 वर्षे लागतील, असा त्यांचा दावा होता. डिसेंबरमध्ये काही संशोधकांनी त्याच नियतकालिकात पत्र लिहिले: या शब्दाला वंशश्रेष्ठत्वाचा इतिहास चिकटलेला आहे, तो टाका, 'ॲडव्हान्टेज' म्हणा. हा हळवेपणा आहे, अशी टिंगल लगेच झाली.

प्रेस्किल यांनी मात्र टिंगल केली नाही. या शब्दावर दोन आक्षेप आहेत, असे त्यांनी त्याच वर्षी एका लेखात नोंदवले. एक, तो गोऱ्यांच्या वर्चस्ववादाची आठवण देतो. दोन, त्याने आधीच फुगलेल्या प्रसिद्धीत भर पडते. दुसरा आक्षेप त्यांना आधीच दिसला होता, पहिला दिसला नव्हता. ही कबुली प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. ज्याच्या मानेवर वर्चस्वाचे जू कधी आलेच नाही, त्याच्या कानाला तो शब्द खुपत नाही. प्रश्न हळवेपणाचा नाही, नाव ठेवताना खोलीत कोण होते याचा आहे.

आता वस्तुस्थिती पाहा. यंत्रात 54 क्यूबिट होते, एक चाललाच नाही, उरले 53. परमशून्याच्या जवळ, एक अंशाच्या पन्नासाव्या भागाहून कमी तापमानात ती चिप ठेवावी लागते. सर्वांत अवघड चाचणीत उत्तरातला खरा संकेत हजारात सुमारे दोन भाग होता, बाकी गोंगाट. तो लाखो नमुन्यांतून निवडून काढणे हे थोर काम आहे, यात मला शंका नाही. पण आमचे रोजचे आयुष्य चुका मोजण्यात जाते, आणि त्या कामाला हे सम्राटाचे बिरुद!

शिवाय गणित कोणते? यदृच्छेने जुळवलेल्या सर्किटचे नमुने काढण्याचे. ते यंत्राला जमेल आणि संगणकाला जड जाईल, म्हणूनच निवडलेले. शोधनिबंधात हे उघड सांगितले आहे, लबाडी नाही. तरीही प्रश्न आपणच काढायचा, आपणच सोडवायचा आणि निकालाला श्रेष्ठत्व म्हणायचे, ही रीत आपण राखीव जागांच्या वादात 'गुणवत्ते'च्या नावाने पुरेशी ऐकली आहे.

आयबीएमने तेव्हाच हिशेब मांडला की, हे काम महासंगणकावर अडीच दिवसांत होईल. 2022 साली चिनी संशोधकांनी 512 ग्राफिक प्रोसेसरवर ते सुमारे 15 तासांत केल्याचे प्रसिद्ध केले. 'ॲडव्हान्टेज' हा शब्द मी वापरतो. पण कोणत्या कामात, कोणाला आणि किती खर्चाने, हे त्याच वाक्यात लिहिलेले असेल तरच.