एडवर्ड ॲबी : टोमण्याची दिशा

अमेरिकी लेखक एडवर्ड ॲबी (१९२७-१९८९) मला आधी भेटला तो सुट्या वचनांतून. ती वहीत उतरवून घेतली आणि पुस्तके मागाहून वाचली. हा क्रम चुकला, असे आता वाटते.

सुभाषिताला कर्ता ठाऊक नसला तरी चालते. टोमण्याला मात्र समोर कोणीतरी लागतो. ॲबीला हे विद्यार्थिदशेतच कळले होते. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या नियतकालिकाचा संपादक असताना त्याने राजे आणि धर्मगुरू या दोघांवर तुटून पडणारे, दिदेरोचे म्हणून प्रसिद्ध असलेले वचन मुखपृष्ठावर छापले आणि खाली नाव घातले 'लिटल विमेन'च्या लेखिकेचे, लुइसा मे ऑल्कॉटचे! अंक जप्त झाला, संपादकपद गेले.

त्याची पुढची वचने अशी खोडकर नाहीत. निव्वळ वाढीच्या ध्यासाला तो कर्करोगाची उपमा देतो, तेव्हा त्यामागे आर्चेसच्या वाळवंटात रेंजर म्हणून काढलेले हंगाम असतात. 'डेझर्ट सॉलिटेअर'मध्ये (१९६८) रस्ता आला, मोटारी आल्या, मग काय उरले, याचा हिशेब आहे. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले. ती दरी बुडण्यापूर्वी तो तिच्यातून नावेने गेला होता. १९८१ मध्ये कार्यकर्त्यांनी त्या धरणावरून तीनशे फुटी काळे प्लॅस्टिक सोडून भिंतीला 'तडा' पाडला, तेव्हा ॲबी तिथे हजर होता. शब्दांवाचूनचा हा टोमणा मला त्याच्या पुष्कळ वाक्यांहून सरस वाटतो.

अडचण येते ती १९८८ च्या निबंधसंग्रहात. दक्षिणेकडून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांना बंदुका देऊन परत पाठवावे, क्रांती त्यांनी घरी जाऊन करावी, असे तो सुचवतो. वाक्याची धार तीच. समोर मात्र धरण बांधणारे खाते नाही, शेतमजूर आहे. सरकारवर मुळीच विश्वास नसलेला हा अराज्यवादी इथे सीमा बंद करायला सरकारलाच हाक घालतो. चाहते म्हणतात, हा विनोद आहे. मला ते पटत नाही. धरणाविषयी लिहिताना त्याने दरी पाहिलेली होती. या निबंधात एकाही मजुराचा चेहरा दिसत नाही, दिसते ती संख्या.

मृत्यूच्या वर्षीच निघालेल्या वचनसंग्रहात रोजनिशीतली वाक्ये प्रसंगावेगळी छापली आहेत. कोणते वाक्य कोणाला उद्देशून, हे तिथे शोधावे लागते.

माझ्या वहीत धरणावरचे वचन आणि स्थलांतरितांवरचे वचन एकाच पानावर आहेत. खोडले एकही नाही. समोर पुस्तकाचे नाव आणि साल तेवढे लिहिले आहे.